साताऱ्याचा ४१५००१, सांगलीचा ४१६४१६: मोठी संख्या उलगडण्याचा योग्य क्रम

मोठी संख्या समोर आली की बहुतेक जण लगेच भागायला बसतात. २ ने जाते का, ३ ने, ५ ने, फार तर ७, ११, १३ ने. एवढ्यांनी भाग गेला नाही की 'मूळ संख्या' असं लिहून मोकळे. शिष्यवृत्तीची तयारी करणारी मुलं हे करतात आणि स्पर्धा परीक्षेला बसलेले पदवीधरही. भागाकार फारसा कुणाचा चुकत नाही, चुकतो तो क्रम. विभाजक किती, त्यांची बेरीज किती, संख्या पूर्ण वर्ग आहे का, हे सगळं मूळ अवयव हातात आल्यावर चार ओळींत निघतं. अवयव अर्धवट असतील तर पुढची प्रत्येक ओळ चुकते.

सरावाला दोन पिन कोड घेऊ: सातारा शहराचा ४१५००१ आणि सांगलीचा ४१६४१६. क्रमिक पुस्तकातलं उदाहरण सुटावं म्हणूनच रचलेलं असतं. पिन कोड गणितासाठी कुणी ठरवलेला नसतो. पत्रं लिहिणं थांबलं तरी कुरिअरवाल्याला तो सांगावाच लागतो, त्यामुळे आकडे तोंडपाठ असतात. मध्ये कराड (४१५११०) आणि मिरजही (४१६४१०) लागतील.

## तयारी

चौकटीची वही घ्या. डावं पान कच्च्या कामाला, उजवं निकालाला. कॅल्क्युलेटर जवळ असू द्या, पण ताळा पाहण्यापुरता.

६५० पर्यंतच्या मूळ संख्यांची यादी एकदाच करून ठेवा. १ ते ६५० आकडे मांडून २, ३, ५, ७, ११, १३, १७, १९, २३ यांच्या पटी खोडा (या नऊ संख्या स्वतः खोडायच्या नाहीत, १ मात्र खोडायचा). नऊच पुरतात, कारण पुढची मूळ संख्या २९ आणि तिचा वर्ग ८४१, म्हणजे ६५० च्या पलीकडे. यादीत बरोबर ११८ संख्या यायला हव्यात. जास्त आल्या तर हे घुसखोर शोधा: ९१, ११९, १३३, २२१, २४७, २९९, ३२३, ३९१, ४३७, ४९३, ५२७, ५५१, ५८९. दिसायला सगळे मूळ, आणि एकही तसा नाही. ९१ म्हणजे ७ × १३ हे बहुतेकांना ठाऊक असतं. ४३७ म्हणजे १९ × २३ हे फार थोड्यांना.

यानंतर संख्या तीन प्रकारे लिहा:

- व्यवहारातली: ४,१५,००१
- उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट: ४१५ | ००१
- उजवीकडून दोन-दोन अंकांचे गट: ४१ | ५० | ०१

सावधान: आपले स्वल्पविराम हजारानंतर दोन-दोन अंकांवर पडतात. पुढे ७, ११, १३ ची एकत्रित कसोटी येते, तिला तीन-तीन अंकांचेच गट लागतात. स्वल्पविराम पाहून ४, १५ आणि ००१ असे गट पाडणारे दर वर्षी भेटतात. गट नेहमी उजवीकडून पाडा, आणि मधली शून्यं गाळू नका. '००१' म्हणजे १, पण जागा तीन अंकांचीच.

## टप्पा १: आधी बघा, मग भागा

अर्धा मिनिट संख्येकडे नुसतं बघा. ४१६४१६ मध्ये ४१६ दोनदा आलंय. तीन अंकी संख्या स्वतःलाच जोडून लिहिली की ती १००१ पट होते: ४१६ × १००१. आणि १००१ = ७ × ११ × १३. एकही भागाकार न करता तीन मूळ अवयव मिळाले.

४१५००१ मध्ये असं काही दिसत नाही. तेही लिहून ठेवा, म्हणजे परत त्याच शोधात वेळ जाणार नाही.

## टप्पा २: थांबायचं कुठे ते ठरवा

संख्येचे दोन अवयव असतील तर त्यांतला लहान अवयव वर्गमूळाच्या पुढे जाऊच शकत नाही. म्हणून वर्गमूळ आधी काढा, दशांशात नको, नुसतं 'यांच्या मध्ये' एवढं पुरे.

६४४ चा वर्ग ४,१४,७३६ आणि ६४५ चा ४,१६,०२५. साताऱ्याची हद्द ६४४. सांगलीची ६४५, कारण ६४६ चा वर्ग ४,१७,३१६ होतो.

६४४ पर्यंत ११७ मूळ संख्या आहेत. १३ पर्यंत तपासून थांबलेल्याने ११७ पैकी फक्त ६ बघितल्या. अशा वेळी 'मूळ' लिहिणं म्हणजे अंदाजच.

## टप्पा ३: स्वस्त कसोट्या

पाटीभर भागाकार करण्याआधी ज्या कसोट्या बेरीज-वजाबाकीत उरकतात, त्या संपवा.

२ आणि ५: एकक अंक बघा.

३: अंकांची बेरीज. ४१५००१ ची ११, ४१६४१६ ची २२. दोघींना भाग जात नाही.

७, ११, १३ एकदम: तीन-तीनचे गट उजवीकडून एक आड एक वजा आणि अधिक करा. साताऱ्यासाठी १ − ४१५ = −४१४. चिन्ह सोडा. ४१४ ला ७ ने भागून बाकी १, ११ ने ७, १३ ने ११. तिघांपैकी कुणाचाच भाग जात नाही.

सांगलीसाठी ४१६ − ४१६ = ०. इथे हमखास घोटाळा होतो. शून्य आलं की मुलं 'कसोटी लागू नाही' असं म्हणून पुढे जातात. शून्याला ७, ११, १३ तिघांनीही निःशेष भाग जातो, तेव्हा दिलेल्या संख्येलाही तिघांनी जातो.

३७: तेच गट, पण फक्त बेरीज. ४१५ + १ = ४१६, ३७ ने भागून बाकी ९. नाही.

१०१: दोन-दोनचे गट उजवीकडून एक आड एक वजा-अधिक. १ − ५० + ४१ = −८. नाही. ही कसोटी शाळेत फारशी शिकवत नाहीत, पण कराडला तीच कामाला येणार आहे.

पडताळा: टप्पा संपताना वहीत एक ओळ हवी: '२, ३, ५, ७, ११, १३, ३७, १०१ झाल्या.' कुठल्या तपासल्या हे डोक्यात ठेवू नका.

## टप्पा ४: मिळालेला अवयव पूर्ण उपसून काढा

मूळ अवयव सापडला की त्यानेच पुन्हा भागा, भाग जायचा थांबेपर्यंत. सांगली:

४१६४१६ → २०८२०८ → १०४१०४ → ५२०५२ → २६०२६ → १३०१३

पाच वेळा २. पुढे १३०१३ ÷ ७ = १८५९, १८५९ ÷ ११ = १६९, आणि १६९ = १३ × १३.

म्हणजे ४१६४१६ = २ (पाच वेळा) × ७ × ११ × १३ (दोन वेळा).

सावधान: १३ दोनदा आहे. १००१ मधला एक १३ सगळ्यांना दिसतो, दुसरा ४१६ च्या पोटात लपलेला असतो (४१६ = ३२ × १३). टप्पा १ मधल्या झटपट युक्तीवर खूश होऊन जे ४१६ तसाच सोडतात, त्यांचा हा दुसरा १३ हमखास हुकतो.

प्रत्येक भागाकारानंतर हद्द नव्याने काढायची. कराड बघा: ४१५११० ÷ २ = २०७५५५, ÷ ३ = ६९१८५, ÷ ५ = १३८३७. आता हद्द १३८३७ च्या वर्गमूळाची, म्हणजे ११७. सुरुवातीला ६४४ होती. ११७ मूळ संख्यांचं काम ३० वर आलं, तरी लोक जुनी हद्द धरून भागत बसतात.

उलटी चूक जास्त महागात पडते: १३८३७ ला ३, ७, ११, १३ ने भाग जात नाही असं पाहून तिला मूळ म्हणणं. गट पाडा, १ | ३८ | ३७. मग ३७ − ३८ + १ = ०. १०१ ने भाग गेला, भागाकार १३७. कराड = २ × ३ × ५ × १०१ × १३७.

## टप्पा ५: भागत सुटण्याआधी वर्गांची वजाबाकी

हा टप्पा जवळजवळ सगळे गाळतात, आणि सातारा नेमकं इथेच सुटतं.

विषम संयुक्त संख्या दोन वर्गांच्या वजाबाकीत लिहिता येते, आणि मोठा वर्ग वजा लहान वर्ग म्हणजे बेरीज गुणिले वजाबाकी. दोन अवयव एकमेकांच्या जवळ असले की ते लवकर सापडतात. याला फर्माची रीत म्हणतात. कृती अशी:

१. वर्गमूळाच्या लगेच पुढची पूर्ण संख्या घ्या. साताऱ्यासाठी ६४५.
२. तिच्या वर्गातून दिलेली संख्या वजा करा: ४१६०२५ − ४१५००१ = १०२४.
३. उत्तर पूर्ण वर्ग आहे का? १०२४ = ३२ चा वर्ग. आहे.
४. अवयव: ६४५ − ३२ = ६१३ आणि ६४५ + ३२ = ६७७.

४१५००१ = ६१३ × ६७७. पहिल्याच फटक्यात. क्रमाने भागत गेला असता तर ६१३ ही यादीतली ११२ वी मूळ संख्या आहे. तिच्याआधी १११ भागाकार वाया गेले असते. ६१३ आणि ६७७ दोन्ही मूळ आहेत, हे २३ पर्यंतच्या नऊ मूळ संख्यांनी तपासून पाहा. दोघींची हद्द २६ च्या पुढे जात नाही.

सांगलीला अवयव आधीच मिळालेत, तरी गंमत म्हणून करून बघा. ६४६ चा वर्ग ४१७३१६, वजा ४१६४१६, उरले ९००, म्हणजे ३० चा वर्ग. ६१६ × ६७६. दोन्ही शहरं पहिल्याच प्रयत्नाला सुटतात हा निव्वळ योगायोग, त्यावरून नियम काढू नका.

कराडच्या १३८३७ ला दुसरा प्रयत्न लागतो: ११८ चा वर्ग वजा १३८३७ = ८७, वर्ग नाही. ११९ चा वर्ग वजा १३८३७ = ३२४, म्हणजे १८ चा वर्ग. ११९ − १८ = १०१, ११९ + १८ = १३७.

प्रत्येक वेळी नवा वर्ग काढायची गरज नसते. ११८ वरून ११९ वर जाताना वजाबाकी ११८ + ११९ = २३७ ने वाढते: ८७ + २३७ = ३२४. पुढची वाढ २३९, मग २४१.

सावधान: वजाबाकी पूर्ण वर्ग आहे का, हे शेपटीवरून लगेच कळतं. शेवटी २, ३, ७, ८ असेल तर नाही. शेवटी एकच शून्य असेल तर नाही. शेवटी ५ असेल आणि त्याआधी २ नसेल तर नाही. पण या कसोट्या फक्त 'नाही' म्हणू शकतात, 'हो' म्हणायला वर्गमूळच काढावं लागतं.

दुसरी सावधानता: २ ने भाग जातो पण ४ ने जात नाही, अशा संख्येला ही रीत कधीच लागू पडत नाही. ४१५११० वर ती थेट चालवली तर रात्र सरेल, उत्तर येणार नाही. आधी २ काढून टाका.

## टप्पा ६: मग उरलेलं रखडकाम

वर्गांच्या वजाबाकीचे पाच-सहा प्रयत्न पुरेत. जमलं नाही की यादी घेऊन बसायचं. मिरजेवर ही वेळ येते. ४१६४१० = २ × ५ × ४१६४१. उरलेल्या ४१६४१ ची हद्द २०४, तिथपर्यंत ४६ मूळ संख्या. टप्पा ३ मधल्या आठ संपल्या (करून बघा, एकीनेही भाग जात नाही), राहिल्या ३८.

वर्गांची वजाबाकी २०५ पासून सुरू होते: ३८४, ७९५, १२०८, १६२३, २०४०, २४५९. एकही पूर्ण वर्ग नाही. हे सहा प्रयत्न फुकट गेले असं वाटतं, पण नाही. २१० पर्यंत काही सापडलं नाही याचा अर्थ १६१ ते २०४ या पट्ट्यात अवयवच नाही. यादीतल्या १६३ पासून १९९ पर्यंतच्या नऊ मूळ संख्या एका झटक्यात बाद. उरल्या २९.

त्या २९ साठी तीन रकाने आखा: मूळ संख्या, जवळची पट, बाकी. पूर्ण भागाकार मांडू नका. १०९ × ३८२ = ४१६३८, बाकी ३. झालं, पुढे. बाकीचा रकाना शेवटपर्यंत भरला आणि एकही शून्य आलं नाही, तरच 'मूळ' लिहायचं. ४१६४१ मूळ आहे, आणि हे लिहिण्याचा हक्क ती पूर्ण यादी देते.

## टप्पा ७: ताळा

मिळालेले अवयव गुणून परत दिलेली संख्या येते का ते बघा. वेळ नसेल तर नवशेष काढा, म्हणजे एकच अंक उरेपर्यंत अंकांची बेरीज करत जा. ६१३ → १०, म्हणजे १. ६७७ → २०, म्हणजे २. गुणाकार २. ४१५००१ → ११, म्हणजे २. जुळलं.

पण नवशेषाला अंकांची अदलाबदल कळत नाही. ६१३ ऐवजी ६३१ लिहिलं तरी तो जुळतोच. म्हणून सोबत ११ चा ताळाही घ्या, म्हणजे उजवीकडून अंक एक आड एक अधिक-वजा. ६१३ ला ८, ६७७ ला ६, गुणाकार ४८, ११ ने बाकी ४. ४१५००१ ला −७, त्यात ११ मिळवून ४. जुळलं. ६३१ ला ४ आलं असतं, ४ × ६ = २४, बाकी २, चूक तिथेच उघडी पडली असती.

## टप्पा ८: आता गुणधर्म

विभाजक किती? प्रत्येक घातांकात १ मिळवून गुणाकार. सांगली: ६ × २ × २ × ३ = ७२. नुसते घातांक गुणून १० लिहिणारे खूप आहेत. ७ आणि ११ वर घातांक लिहिलेला नसतो, पण तो १ असतो. दुसरा १३ विसरलात तर ४८ येईल. सातारा: २ × २ = ४.

विभाजकांची बेरीज. सांगली: (१+२+४+८+१६+३२) × (१+७) × (१+११) × (१+१३+१६९) = ६३ × ८ × १२ × १८३ = ११,०६,७८४. स्वतःला वगळलं तर ६,९०,३६८, संख्येपेक्षाही मोठी बेरीज. साताऱ्याची तशीच बेरीज १ + ६१३ + ६७७ = १,२९१. परिपूर्ण संख्येत ही बेरीज संख्येइतकीच असते (६, २८). इथे दोघीही तशा नाहीत, एक फार वर आणि एक फार खाली.

पूर्ण वर्ग? सगळे घातांक सम हवेत. ४१६४१६ चा शेवट १६ आहे, अंकांची बेरीज शेवटी ४ येते, दोन्ही कसोट्यांतून ती सुटते, तरी ती वर्ग नाही. २, ७, ११ चे घातांक विषम आहेत. लहानात लहान कितीने गुणावं म्हणजे पूर्ण वर्ग होईल? २ × ७ × ११ = १५४. गुणाकार ६,४१,२८,०६४ येतो, म्हणजे ८००८ चा वर्ग. १५४ ने भागलं तर २७०४, ५२ चा वर्ग.

सहमूळ संख्या किती, म्हणजे १ पासून त्या संख्येपर्यंत, तिच्याशी १ खेरीज सामाईक विभाजक नसलेल्या? १ ते ४१५००१ मध्ये ६१३ च्या पटी ६७७, ६७७ च्या पटी ६१३, आणि दोन्हींत मोजली गेलेली एक. ४१५००१ − ६७७ − ६१३ + १ = ४,१३,७१२. सांगलीसाठी ४१६४१६ चे २, ७, ११, १३ या क्रमाने १/२, ६/७, १०/११, १२/१३ घेत जा. आधी भागा, मग गुणा, म्हणजे आकडे फुगत नाहीत. उत्तर १,४९,७६०.

दोघींचा मसावि. इथे अवयवांचीही गरज नाही. फरक १४१५ = ५ × २८३. सामाईक विभाजकाने या फरकालाही भाग जायला हवा. ४१५००१ ला ५ ने जात नाही, २८३ ने बाकी १२३. मसावि १, म्हणजे सातारा आणि सांगली सहमूळ.

दोन वर्गांची बेरीज? ४ ने भागून ३ बाकी देणारी मूळ संख्या (३, ७, ११, १९…) विषम घातांकात असेल तर जमत नाही. सांगलीत ७ एकदाच आहे, तेवढ्यानेच विषय संपला. साताऱ्यात ६१३ = १७ चा वर्ग + १८ चा वर्ग, ६७७ = २६ चा वर्ग + १ चा वर्ग. ते एकत्र केले की दोन तऱ्हा मिळतात: ४२४ आणि ४८५ यांच्या वर्गांची बेरीज ४१५००१, आणि ४५१ व ४६० यांचीही. मला विचाराल तर या आकड्याचा सगळ्यात देखणा गुण हाच.

## बारा अंकी आली तर

साताऱ्याचा पिन दोनदा जोडून लिहा: ४१५००१४१५००१. वर्गमूळाची हद्द सुमारे ६ लाख ४४ हजार, हाताने भागणं अशक्य. पण टप्पा १ ने सुरुवात केली तर सहा अंकी गट दोनदा आलेला दिसतो, म्हणजे ४१५००१ × १०,००,००१. दुसऱ्या भागाला १०१ ची कसोटी लावा: १०,००,००१ = १०१ × ९९०१. ९९०१ ची हद्द ९९, तिथपर्यंतच्या २५ मूळ संख्यांत एकीनेही भाग जात नाही. अवयव १०१, ६१३, ६७७, ९९०१, विभाजक १६.

सावधान: अनेक साधे कॅल्क्युलेटर आठ-दहा अंकच दाखवतात. बारा अंकी संख्येचा भागाकार त्यावर 'पूर्ण' दिसला तरी दशांशाचं शेपूट कापलेलं असू शकतं. बाकी नेहमी उलट गुणून काढा.

कराड आणि मिरजेचे गुणधर्म स्वतः काढा, मग हे ताडून बघा. कराड: विभाजक ३२, त्यांची बेरीज १०,१३,४७२, दोन वर्गांची बेरीज होत नाही (३ एकदाच आहे). मिरज: विभाजक ८, आणि दोन वर्गांची बेरीज दोन तऱ्हांनी, ६०७ व २१९ यांच्या वर्गांची, तसंच ६१७ व १८९ यांच्या वर्गांची.